थेट पास

३ सप्टेंबर

केल्विन,

फोन तू उचलत नाहीस. आधी नुसता वाजत राहायचा, आता तर ती बाई लगेच सांगते की हा नंबर बंद आहे. म्हणून हे पत्र तुझ्या मावशीच्या पत्त्यावर डार्विनला पाठवतेय. उद्या टपालाचं विमान येईल तेव्हा जाईल. मावशी, तुम्ही आधी फोडलं असेल तर खुशाल वाचा, पण वाचून झालं की त्याच्या अंगावर फेका.

बास्केटबॉलची फायनल संपल्या संपल्या तू मागच्या दाराने निघालास आणि दिसेल त्या गाडीत बसून गेलास. त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही. पुढे काहीच झालं नाही. एवढं मोठं पत्र्याच्या छपराखालचं मैदान, दोन वस्त्यांची माणसं आणि एक टाळी नाही. आईने टॉवेल तोंडावर ओढून घेतला. मामा बास्केट टाकून तसाच बाजूच्या दाराने बाहेर पडला आणि खाडीवरच्या तंबूत जाऊन राहिला. कप तुझ्या भावाने, जोसायाने घेतला, कारण कोणीतरी घ्यायला हवाच होता. आता तो दुकानातल्या फ्रीजवर पालथा पडलाय. त्याला कोणी हात लावत नाही.

दुसऱ्या दिवशी ड्वायर सर आमच्या ओट्यावर आले. बिचारे शाळेत शिकवून वर तुम्हाला फुकट कोचिंग करतात. डोळे लाल झाले होते.

"नोलीन, आपण जिंकलो ना? मग सगळे मयताला आल्यासारखे का बसलेत?"

"सर, शेवटच्या टाइमआउटला तुम्ही फळ्यावर एक आणि पाच असे गोल काढलेत आणि मधे बाण मारलात."

"बरोबर आहे. एक म्हणजे पॉइंट गार्ड, तो बॉल वर आणतो. पाच म्हणजे सेंटर, तो रिंगखाली उभा. पाच नंबर मोकळा होता. मोकळ्या माणसाला पास द्यायचा, हे तर पहिलीतलं पोर सांगेल."

"एक नंबर माझा नवरा आहे सर. पाच नंबर माझा सख्खा मामा आहे."

त्यांना काही कळलं नाही. मग मी सांगितलं, मान खाली घालून, कारण हे तोंडाने बोलायचीही लाज वाटते. आमच्यात त्याला विषाचं नातं म्हणतात. नवऱ्याने बायकोच्या आईशी आणि आईच्या भावाशी बोलायचं नाही, तोंडाकडे बघायचं नाही, नाव घ्यायचं नाही, हातातून हातात काही द्यायचं नाही. मीठसुद्धा नाही. हा तिरस्कार नाही सर, हा मान आहे. सगळ्यांत मोठा मान.

"आणि बॉल?"

"बॉल हातातूनच जातो ना सर."

सर कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, "अख्खी टीम तिथे उभी होती. मला एकाने सांगितलं का नाही?"

काय सांगू? प्रत्येकाला वाटलं दुसरा सांगेल. सगळे बुटांच्या नाड्यांकडे बघत मूग गिळून बसले आणि सर बाण मारत राहिले.

चूक झाली. घाईत मामाला पास सुटला, घाईत तोंडातून त्याचं नाव निघालं. कोणाची नाही होत चूक? तू ये. माझी तब्येत बरी आहे. पाय थोडे सुजतात, ते सगळ्याच बायकांचे सुजतात.

तुझी,
नोलीन

१९ सप्टेंबर

केल्विन,

तुझं पत्र आलं नाही. येणार नाही हे माहीत होतं, तरी मी विमानतळाच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. आता पोट आधी पोहोचतं, मी मागून पोहोचते.

एक चांगली बातमी आहे. मोठ्या माणसांची बैठक झाली. आंब्याच्या झाडाखाली दिवसभर चहा पीत बसले होते. ठरलं असं की तू काहीतरी पाठवायचंस, ब्लँकेट, पिठाची गोणी, मासे, काहीही चालेल, आणि जोसायाच्या हातून मामाकडे द्यायचं. आणि सगळ्यांसमोर एकदा म्हणायचं की चुकून झालं. संपलं. एवढ्यावर मिटवतायत, केल्विन! मला तर वाटलं होतं आपल्याला वस्ती सोडायला सांगतील. तीन शब्द बोलायचे आहेत. मी चुकून दिला. एवढंही जमत नाही तुला?

तुझ्याशिवाय टीमची काय दशा आहे ते ऐक. जोसायाला पॉइंट गार्ड केलंय. तुझा भाऊ आहे म्हणून बोलत नाही, पण बॉल आपटताना तो स्वतःच्या बुटांकडे बघतो. परवा आपटत आपटत सरळ रेषेबाहेर गेला आणि तरी थांबला नाही. म्हातारी डोरीन बाकावरून ओरडली, "अरे ए, घरी चाललास का? जाताना साखर आण!" सगळे हसले. मी पण हसले आणि मग मला रडू आलं, तेव्हा सगळ्यांनी नाड्यांकडे बघायला सुरुवात केली.

मला एक आठवतं, ते कोणाशी बोलता येत नाही म्हणून तुला लिहिते. आपलं लग्न व्हायच्या आधी तू आणि मामा कसे खेळायचात. कुळांमुळे नातं जन्मापासूनच ठरलेलं, पण लग्न होईपर्यंत पोरांना कोणी फार टोकत नाही. मामा रिंगखाली त्याच्या अंगावरच्या गड्याला पाठीने रेटत उभा राहायचा, तू जमिनीवर आपटून खालून पास सरकवायचास, आणि मामा वळला की बास्केट झालंच समज. दोन माणसं अंगावर आली तर तो बॉल परत तुझ्याकडे बाहेर टाकायचा आणि तू लांबून मारायचास. आत, बाहेर, आत, बाहेर. मी त्या बाकावर बसून बघायचे, आणि बघत कोणाकडे होते ते तुला चांगलं माहीत आहे.

मग तू माझ्याशी लग्न केलंस आणि तो पास गेला.

तू कधी बोलून दाखवलं नाहीस. मीही विचारलं नाही. त्रिकोण केलात तुम्ही. तू वर, जोसाया मधे फ्री थ्रोच्या रेषेवर, मामा खाली. तुझ्याकडून जोसाया, जोसायाकडून मामा. मामा नजर रिंगवर ठेवून तिरका उभा राहायचा, म्हणजे तुला त्याचं तोंड दिसू नये. सरावातही तसंच. मामा तुझ्यापासून चार हातांवर उभा राहून म्हणायचा, "जोसाया, त्याला सांग त्याचा पास उशिरा येतो." जोसाया वळायचा, "केल्विन, तुझा पास उशिरा येतो." तू म्हणायचास, "सांग, ऐकू आलं." मग जोसाया परत वळायचा. बिचाऱ्याची मान दुखायची. मला वाटायचं तुम्ही दोघं मजेत आहात.

ये रे. तीन शब्द बोल आणि मोकळा हो.

नोलीन

६ ऑक्टोबर

केल्विन,

आज गोड बोलणार नाही.

जोसाया तुला भेटून आला. मोठ्या माणसांनी त्याला विमानाचं तिकीट काढून दिलं होतं, कळतंय का तुला? तो म्हणाला तू दुकानांच्या मागच्या मैदानावर एकटाच रिंगमध्ये बॉल टाकत होतास. दाढी वाढली आहे. त्याने सांगितलं, "चल, चुकून झालं म्हण, घरी जाऊ." आणि तू म्हणालास, "ते मला म्हणता येणार नाही." बॉल काखेत मारलास आणि निघून गेलास.

म्हणता येणार नाही म्हणजे काय? तोंडाला काय झालंय? अभिमान आडवा येतोय का तुझा? इथे माझी आई घराबाहेर पडत नाही, दुकानात गेली तर डबा उचलते आणि हिशोब न बघता परत येते. पलीकडच्या वस्तीची पोरं बोटीतून येतात आणि लांबून ओरडतात, "जावईबापू, पास द्या!" आपली टीम जिंकली म्हणून नव्हे, कशी जिंकली म्हणून.

आणि त्यांनी काही कमी केलं का? त्यांचीही रीत तीच, त्यांना सगळं ठाऊक. बॉल तुझ्या हातात आला की मामावरचा गडी मामाला सोडून सरळ जोसायाच्या अंगावर जायचा. दोघं दोघं जोसायाला चिकटलेले आणि मामा रिंगखाली एकटा, बाजारात आईचा हात सुटलेल्या पोरासारखा. त्यांना माहीत होतं तू तिकडे बघणारसुद्धा नाहीस. आपल्या मानाचाच त्यांनी डिफेन्स केला. अख्खा शेवटचा डाव तसाच गेला, तू कोपऱ्यातल्या पोरांना पास देत राहिलास, ती पोरं चुकवत राहिली, आणि आपण एका गुणाने मागे. मी बघत होते ना. माझा जीव टांगणीला लागला होता. म्हणून म्हणते, चुकला असशील तर तुला कोणीही समजून घेईल. दगड तरी किती वेळ धीर धरेल?

आता ऐक. मामाने खेळणं सोडलं. काल सरावाच्या वेळी आला, मैदानात उतरला नाही, कुंपणाबाहेरून मला हाक मारली. म्हणाला, "पोरी, तुझ्या माणसाला कळव. मी टीममधून बाजूला झालो. रिंगखाली मी नसलो की त्याला इकडेतिकडे बघायची भीती नाही. त्याला मोकळं खेळू दे." मी म्हटलं, "मामा, तू खेळल्याशिवाय काय करशील?" तर म्हणाला, "मासे धरीन." त्याला मासे धरता येत नाहीत, केल्विन. अख्ख्या खाडीला माहीत आहे. लोकांनी हसू नये म्हणून डोरीन तिने धरलेले मासे त्याच्या बादलीत टाकते.

त्याने तुझ्यासाठी सोडलं. तू कोणासाठी काय सोडतोयस?

आणखी एक, जे मी लपवत होते. माझं ब्लड प्रेशर वाढलंय. पायच नाही, तोंडही सुजलंय. दवाखान्यातली नर्स आता माझ्याशी फार गोड बोलते, त्याचीच भीती वाटते. मला लवकर डार्विनला हलवणार आहेत. वेळ व्हायच्या पुष्कळ आधी.

मला भीती वाटते. बस, लिहिलं.

नोलीन

२४ ऑक्टोबर
डार्विन

केल्विन,

मी तुझ्याच गावात आहे. इस्पितळाजवळच्या हॉस्टेलमध्ये, जिथे आपल्याकडच्या सगळ्या गरोदर बायकांना ठेवतात. मावशीच्या घरापासून बस थेट येते, मी ड्रायव्हरला विचारलं.

एकटी आले.

नर्स म्हणाली, सोबत एक माणूस नेता येतं, तिकीट सरकार देतं, आईला घेऊन जा. आईने पिशवीही भरली होती. मी नको म्हटलं. आई माझ्या खोलीत बसली असती तर तू उंबऱ्याशीही आला नसतास, सासूच्या सावलीला तू उभा राहत नाहीस. मामा म्हणाला मी येतो, त्यालाही नको म्हटलं. माझी मावशी, मामेबहिणी, कोणालाच आणलं नाही, उगाच कोणाचं तरी नातं आडवं यायला नको. माझ्या बाजूची सगळी माणसं मी मागे ठेवली, म्हणजे तुझी वाट मोकळी राहील. आई विमानाच्या शिडीपाशी माझा हात सोडत नव्हती. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. तुझ्यासाठी, मेल्या.

आता इथे खोलीत मी आहे, एक पंखा आहे आणि शेजारच्या पलंगावर वाळवंटाकडची एक मुलगी आहे. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. ती माझे पाय दाबते. अनोळखी पोरगी माझे पाय दाबते, केल्विन.

उकाडा तर असा की पाऊस येईल येईल म्हणतो आणि येत नाही. माझं डोकं दुखतं. डोळ्यांसमोर मधूनच चांदण्या चमकतात. डॉक्टरीण म्हणाली चांदण्या दिसल्या की लगेच सांगायचं. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं तर पोट फाडतील आणि तू अजून आलेला नाहीस.

मला तुझ्याकडून काही वदवून घ्यायचं नाही. चुकून म्हण, नको म्हणू, काही म्हण. मोठ्या माणसांना मी सांभाळून घेईन. नुसता ये आणि इथे बस.

नोलीन

२५ ऑक्टोबर

चांदण्यांचं सांगावं लागलं. मी पडले. आता इस्पितळात आहे, उद्या सकाळी ऑपरेशन. हॉस्टेलचा ड्रायव्हर मावशीच्या गल्लीतच राहतो, त्याच्या हाती ही चिठ्ठी देतेय. कागदावर सही करायला जवळचं माणूस कोण, असं विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. फोन नंबर विचारला. आहे तो बंद आहे, नवा मला माहीत नाही, असं मी म्हणाले, तेव्हा त्या बाईने माझ्याकडे असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मला काही झालं तर बाळ आईकडे दे. पण माझ्या आईच्या हातात तू देऊ शकत नाहीस. म्हणजे जोसायाला बोलाव. बघ, मरतानाही मला तुमचा त्रिकोण लावावा लागतोय.

ये.

नोलीन

२ नोव्हेंबर
डार्विन

मामा,

मी बरी आहे. आईला आधी हे सांग, मग पुढचं वाच. मुलगी झाली. फार बारीक आहे, काचेच्या पेटीत ठेवली होती, काल बाहेर काढली. रडते मात्र डोरीनसारखी.

तो आला. ऑपरेशनच्या सकाळी. मला खाटेवरून ढकलत नेत होते आणि तो त्या लांब बोळात भिंतीला टेकून उभा होता. अंगावर तेच टीमचं बनियन, धुतलेलंही नसावं. माझ्या तोंडाकडे बघून घाबरला. म्हणाला, "काय झालं गं हे तुझं?" मी म्हटलं, "चूक झाली, चुकून तुझ्याशी लग्न केलं." ती नर्स दचकली. मग तो खाटेचा दांडा धरून शेवटच्या दारापर्यंत आला. त्याला ओढून बाजूला करावं लागलं.

आता तो इथे माझ्या शेजारी स्टुलावर बसलाय. मुलगी त्याच्या मांडीवर आहे. त्याला तुला काही सांगायचंय. तो तुला लिहू शकत नाही, म्हणून त्याने मला सांगितलं आणि मी लिहितेय. मी चार वेळा विचारलं की हे खरंच लिहू का. तो म्हणाला, जोसायालाही नाही, फक्त तुला. तेव्हा तू हे एकटा असताना वाच आणि वाचून झालं की चुलीत घाल.

तो म्हणतो, चूक नव्हती. त्याने बघून पास दिला.

म्हणूनच त्याला ते तीन शब्द म्हणता आले नाहीत. आणि खरं काय ते सांगता येत नव्हतं, कारण खऱ्यात तो एकटा नव्हता. तो म्हणतो, सगळ्या मैदानाचं लक्ष जोसायाकडे होतं, दोन गडी त्याला दाबत होते. तेव्हा याने तुझ्याकडे बघितलं, आणि तू तिरका उभा नव्हतास. तू त्याच्याकडे तोंड करून उभा होतास, मामा. दोन्ही हात वर करून. बॉल मागत होतास, लग्नाच्या आधी मागायचास तसाच. त्याने बॉल सोडला आणि त्याच क्षणी तू भानावर आलास, हात खाली घ्यायला लागलास, पाठ फिरवायला लागलास. बॉल तुझ्या डोक्यात बसला असता. म्हणून त्याने नाव घेतलं.

हे त्याने कोणाला सांगितलं नाही. बैठकीत बोलावं लागलं असतं, बोललं की तू हात वर केले होतेस तेही निघालं असतं, म्हणून तो गेलाच नाही. एवढे दिवस मी त्याला काय काय लिहिलं ते आठवलं की मला कुठे तोंड लपवू असं होतं. तू खेळणं सोडलंस ते का, हेही आता मला कळलं. त्याला मोकळं खेळता यावं म्हणून, असं मी समजत होते; भीती तुला तुझ्याच हातांची होती.

तर आता असं. महिनाअखेरीला आम्ही तिघं येऊ. तो पिठाची गोणी पाठवील, आणि चुकून झालं असं सगळ्यांसमोर म्हणेल. आधी म्हणवत नव्हतं, आता म्हणतो. तुझ्यासाठी म्हणेन म्हणाला. तू फक्त तेव्हा झाडाखाली बसलेला हवास, आणि खाडीवरून टीममध्ये परत आलेला हवास. त्याची दुसरी कसलीही अट नाही.

तो विचारतोय, मामा रागावला असेल का. मी म्हटलं, विचारते. कळव.

नोलीन